मागच्या रांगेतल्या रिकाम्या कुंड्या

नेरळजवळच्या कळंबच्या नर्सरीत कामाला लागले तेव्हा मला दोन गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत. एक म्हणजे इथं नळ आठवणीनं बंद करावा लागतो, कारण पाणी आपणहून संपत नाही. दुसरी म्हणजे काही झाडं हिवाळ्यात मातीखाली जाऊन झोपतात आणि त्यांना उठवायचं नसतं. पहिली मी आठ दिवसांत शिकले. दुसरीपायी हातचं काम आणि डोक्यावरचं छप्पर, दोन्ही जायची वेळ आली होती.

आम्ही हिंगोलीकडचे. माझी शाळा सातवीत सुटली. आमच्या गावात टँकर साडेदहाला यायचा आणि शाळा पण साडेदहालाच भरायची. आई शेतात, धाकटी भावंडं लहान, मग रांगेत घागर घेऊन कोण उभं राहणार? गुरुजी दोनदा घरी येऊन बोलून गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. लग्नानंतर नवरा साजगावला एका कारखान्यात कंत्राटावर लागला म्हणून इकडं आले. वर्षभरात ते कंत्राट संपलं. तेव्हा कोणाच्या तरी ओळखीनं या नर्सरीच्या मालकानं नवऱ्याला टेंपोवर ठेवलं, मला झाडांवर ठेवलं, आणि राहायला नर्सरीच्या कोपऱ्यातली खोली दिली. पत्रा होता, पण गळत नव्हता. खिडकीला गज होते. दारासमोर नळ.

मालक इथलेच, शेतकरी घरातले. भाताच्या खाचरावर त्यांनी ही नर्सरी उभी केली होती. सगळे त्यांना दादा म्हणायचे, आम्ही पण म्हणू लागलो. खोलीची चावी देताना ते म्हणाले, "रंग द्यायचा राहिलाय, बघू दिवाळीला."

मी रात्री नवऱ्याला म्हटलं, "हा माणूस काहून एवढं देतोय?"

"राहायला माणूस पाहिजे त्याला इथं. राखण होते."

"राखणीला कुत्रं पण चाललं असतं."

"मग तू भुंक," असं म्हणून तो कूस बदलून झोपला.

त्याला संशय येत नाही, त्यामुळे आमच्या घरातला सगळा संशय माझ्या वाट्याला आलाय. मी कपडे फळीवर लावलेच नाहीत. ट्रंकेतच ठेवले. उद्या कोणी निघा म्हणालं तर निघायला बरं.

नर्सरीत तेव्हा आमच्याशिवाय कायमचं माणूस एकच. एक मावशी. साठीच्या पुढच्या, पलीकडच्या गावातून शेताच्या बांधाबांधानं चालत यायच्या. काळ्या सुकट अंगाच्या, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, हातात एक कापडी पिशवी. ही जागा भाताची होती तेव्हापासून त्या इथं राबत होत्या, म्हणून दादासुद्धा त्यांच्याशी जरा खालच्या आवाजात बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठली गं तू?"

"मराठवाड्यातली."

"म्हंजे घाटावरली."

"घाट नाही मावशी आमच्याकडं. सपाट आहे सगळं."

"वर हाय ना? मग घाटावरलीच." आणि त्या दिवसापासून मी 'घाटावरली' झाले. "ए घाटावरले, झारी आण." "घाटावरले, सावलीत ठेव ती, ऊन नाय सोसत तिला." टोमणा होता की लाड, मला कळायचं नाही. मी टोमणाच धरून चालायचे. त्यात फसण्याची भीती कमी.

पण काम त्यांनीच शिकवलं, हे खरं. हेलिकोनियाचा जो दांडा एकदा फुलला तो पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापायचा, म्हणजे बाजूनं नवा येतो. सदाफुली वर्षभर फुलते म्हणून तिला तशीच सोडली तर ती लांबडी होऊन खाली उघडी पडते, तिला निम्म्यावर छाटायची. सोनटक्क्याचे पाय ओले पाहिजेत. गुलबक्षीला काही करायचं नाही, ती चार वाजले की आपली उघडते. कर्दळ कुठंही लावा, ती शेजारच्या वाफ्यात घुसतेच. हे सगळं मावशी सांगायच्या नाहीत, करायच्या. मी बाजूला उभं राहून बघायचं.

माझं वाचणं चांगलं होतं, अक्षर पण. ते पाहून दादांनी मला एक लांब वही दिली. म्हणाले, "प्रत्येक झाडाचं लिहून ठेव. नाव, कुठलं, फूल कधी, ऊन की सावली, किती वर्षं टिकतं. मुंबईचं गिऱ्हाईक विचारतं आणि मला आठवत नाही." कुठलं हे दादा मोबाइलवर बघून सांगायचे आणि मी लिहायचे. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा कोणी मला लिहायला सांगत होतं. त्या वहीला मी खाकी कव्हर घातलं. आजही ती माझ्याकडं आहे.

फक्त त्यातलं 'कुठलं' मला पटायचं नाही. कर्दळ, अमेरिका. निशिगंध, मेक्सिको. सदाफुली तर आफ्रिकेच्या शेजारच्या कुठल्याशा बेटावरची. आमच्या गावच्या मारुतीच्या ओट्यामागं सदाफुली होती, तिथं प्यायला पाणी जात नव्हतं, तिथं बेटावरचं झाड कोण आणून लावणार? मला वाटायचं, मोबाइलवर कोणी तरी बसून लांबलांबची नावं टाकतं, म्हणजे झाड महाग विकतं. झेंडू पण मेक्सिकोचा निघाला तेव्हा मी मावशींना मुद्दाम सांगितलं.

मावशी रोपाची पिशवी भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग आमच्या आजानं दसऱ्याला दाराला काय बांधला? भोपला?"

"मोबाइलवर लिहिलंय."

"त्यावर तुजं गाव हाय का?"

मी पाहिलं नव्हतं. पुढं एकदा दादांच्या फोनवर पाहिलं. होतं.

आता मागच्या रांगेचं सांगते. शेडच्या मागं, आमच्या खोलीच्या उलट्या टोकाला, नव्वद कुंड्या वेगळ्या लावलेल्या होत्या. मी आले तेव्हा पावसाळ्याचा शेवट होता आणि त्यांत रुंद हिरवी पानं होती, केळीच्या कोवळ्या पानासारखी, पण बुटकी. फूल नाही, काही नाही. वहीत दादांनी लिहायला सांगितलं: मे फूल. आफ्रिका. मे महिन्यात एकच फूल, लाल गोळा, चेंडूएवढा. ऊन कोवळं. वर्षानुवर्षं टिकतं. "आणि मागची रांग मावशी बघतात," ते म्हणाले, "त्यात तू पडू नको."

त्यात पडू नको म्हटल्यावर माझं लक्ष तिकडंच.

दिवाळी झाली, थंडी पडली. मागच्या रांगेतली पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं रोग आला. मावशी बघून पुढं जायच्या. पाणी त्यांनी बंदच केलं होतं. पाइप मागच्या रांगेच्या अलीकडं येऊन थांबायचा, तिथून वळायचा. पानं वाळली, गळाली, एकेका कुंडीत नुसती माती उरली. आणि मग एका संध्याकाळी मी पाहिलं, मावशी मागं बसल्या आहेत, खुरप्यानं कुंडी उकरताहेत, आणि मातीतून कांद्यासारखं काही काढून फडक्यानं पुसून पिशवीत टाकताहेत. चार की पाच. मग कुंडीतली माती पुन्हा सारखी केली, हात झटकले आणि पिशवी घेऊन बांधानं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी पुन्हा.

मी नवऱ्याला सांगितलं. "मावशी कांदे चोरतात."

"कांदे कुठं आहेत आपल्याकडं?"

"फुलाचे. मे फुलाचे. बाजूच्या रिसॉर्टवाल्याला विकत असतील. मे महिन्यात कुंड्यांत काही आलं नाही की नाव कोणावर येईल? नव्या माणसावर."

तो म्हणाला, "दादांना सांग."

ते माझ्यानं होईना. मावशी तिथल्या, वीस वर्षांपासून कामावर. मी आल्याला चार महिने झालेले. मी सांगितलं आणि दादांनी मावशींनाच विचारलं, तर इथं राहणार कोण? आणि नाही सांगितलं तर मेमध्ये मी अडकणार. शेवटी मी ठरवलं की बोलायचं नाही, पण उरलंय ते वाचवायचं. एके दिवशी मावशी घरी गेल्यावर उरलेल्या पन्नास कुंड्या मी एकेक करून उचलल्या आणि आमच्या खोलीच्या मागं, भिंतीलगत मांडल्या. नवऱ्यानं टेंपो धुता धुता मला बघितलं, विचारलं नाही.

सकाळी मावशी आल्या, मागं गेल्या, परत आल्या. मी क्रोटनच्या पिशव्यांतलं गवत उपटत होते.

"मागल्या कुंड्या कुठं हायत गं?"

"आमच्या खोलीमागं नेल्या. तिथं... तिथं सावली बरी आहे."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडं. रागावतील असं वाटलं होतं, त्या रागावल्या नाहीत. पिशवीची घडी केली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "बरं. तूच बघ मग."

मला त्या वेळी जिंकल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

आणि मग मी त्या कुंड्यांना पाणी घालू लागले. रोज. सकाळी झारीनं, संध्याकाळी झारीनं. आमच्याकडं झाड मरतं ते एकाच कारणानं. पानं पिवळी पडली, गळाली, म्हणजे तहान. माझ्या आईनं दारातली तुळस भांडी घासलेल्या पाण्यावर जगवली. मी स्वतः लहानपणी लिंबाच्या रोपाला आंघोळीचं पाणी वाटीनं नेऊन घातलंय, उन्हाळाभर, आणि ते जगलं. वाळलेल्या झाडाच्या बुडाशी पाणी ओतणं याच्याइतकं पुण्याचं काम मला दुसरं माहीत नव्हतं. आणि इथं तर दारासमोर नळ. या झाडांना मावशींनी मुद्दाम उपाशी ठेवलंय, असं माझं पक्कं झालं होतं. आफ्रिकेहून आलेली, इथं कोणी नाही त्यांचं. मी त्यांना चूळ भरून उरलेलं पाणीसुद्धा घालायचे.

पंधरा दिवसांनी मावशी नळावर हात धुवायला आल्या. भिंतीलगतच्या काळ्या ओल्या कुंड्या त्यांनी पाहिल्या.

"झोपलेल्याला पाजू नको गं पाणी," एवढंच म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, हां, आता कळलं. मी वाचवते ते हिला बघवत नाही. मी पाणी घालायचं सोडलं की हे मरतील, मग ती दादांना सांगणार, बघा, घाटावरलीनं नेले आणि मारले. त्या दिवसापासून मी दुपारीही झारीभर पाणी द्यायला लागले.

मावशी पुन्हा काही बोलल्या नाहीत. मागच्या बाजूला त्यांनी येणंच सोडलं. माझ्याशी बोलायच्या ते कामापुरतं, आणि 'घाटावरले' म्हणायच्या नाहीत. मला नावच राहिलं नाही. जेवायच्या सुटीत त्या आधी माझ्यासाठी तांदळाच्या भाकरीचा तुकडा ठेवायच्या, कारण मला ती करायला जमायची नाही. तो तुकडा बंद झाला. मी ज्वारीची भाकरी खाताना स्वतःला सांगायचे, बरं झालं, त्यात तरी काय घालत असतील कोणाला माहीत.

पाडवा झाला. कळंबच्या पुढं एका रिसॉर्टमध्ये नवं अंगण बांधलं होतं. तिथं मे महिन्यात लग्न होतं आणि त्यांना वाटेच्या दोन्ही बाजूंनी मे फुलाच्या साठ कुंड्या पाहिजे होत्या. फुललेल्या. दादांनी हो म्हटलं होतं. ते सकाळी वही मागायला आले आणि उभ्याउभ्या म्हणाले, "मे फुलं कुंडीत भरली का?"

मला कळलंच नाही. "भरली म्हणजे?"

"कांदे गं. मावशी आणतात ना दरवर्षी घरून, पाडव्याच्या सुमारास. त्यांच्या माळ्यावर ठेवतात हिवाळाभर. इथं शेडमध्ये ओल असते, पाइप फिरतो, सडतात. एक वर्ष इथंच ठेवले होते मी, एक राहिला नाही." आणि गाडीचा आवाज आला म्हणून ते फाटकाकडं गेले.

मी जागच्या जागी उभी. घरून. म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. फक्त मलाच कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

मी खोलीमागं धावले. पहिल्या कुंडीत बोट घातलं. माती गार, चिखल झालेली. दोन पेरं खाली बोट मऊ कशात तरी गेलं. बाहेर काढलं तर सडक्या कांद्याचा वास. कुंडी उलटी केली. आत एक तपकिरी गाळ होता आणि त्यात बारीक पांढऱ्या अळ्या. दुसरी उलटी केली. तिसरी. पंधरा-वीस कुंड्यांनंतर मी थांबले, बाकीच्यांत नुसतं बोट घालून बघत गेले. सगळीकडं तेच. ज्यांना मी दिवसातून तीनदा पाणी पाजलं त्या पन्नासांतला एकही हाताला घट्ट लागला नाही.

नवरा टेंपो घेऊन नेरळला गेलेला. मी ट्रंकेजवळ जाऊन बसले. कपडे आतच होते, घडी घातलेले. आवरायला काहीच नव्हतं. निघायचं म्हटलं तर लगेच निघता आलं असतं, आणि तेवढ्यानंच मला रडू आलं. मला निघायचं नव्हतं. पहिल्यांदाच कळलं ते.

त्या दिवशी मावशी कामावर आल्या नव्हत्या. वालाची झोडणी होती त्यांच्याकडं. मी दुपारी त्यांच्या गावी गेले, बांधानं, त्या यायच्या त्याच वाटेनं. घर विचारायला लागलं नाही. पुढं स्लॅबचं नवं घर, मागं जुनं कौलारू स्वयंपाकघर तसंच ठेवलेलं, आणि अंगणात मावशी सुपात वाल पाखडत बसलेल्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "आलीस. मला वाटलं व्हतं आठ दिवस आदी येशील."

"मावशी, ते सगळे..."

"सडले. म्हाईत हाय. वारा तुज्या खोलीवरनं येतो ना माज्याकडं." त्यांनी सूप ठेवलं. "चल."

जुन्या स्वयंपाकघरात चूल होती, गॅस पुढच्या घरात. चुलीच्या वर बांबूचा माळा, धुरानं काळाभोर झालेला. शिडी लावलेली. "चढ," त्या म्हणाल्या, "माजं गुडघं नाय चढत आता." मी चढले. वर बियाण्याची काकडी टांगलेली, जून दुधीभोपळा, सुरणाचे डोळे फडक्यात बांधलेले. आणि कोपऱ्यात दोन टोपल्या, राखेनं भरलेल्या.

"हात घाल राखंत."

घातला. राख कोमट होती, चुलीची ऊब खालून लागत होती. आत गोल, घट्ट, कोरडे कांदे. एकाशी एक लागू न देता ठेवलेले.

"मोज," खालून आवाज आला. "मोज आनि मग सांग दादाला, म्हातारीनं किती चोरलं ते."

मी मोजले. चाळीस. मोठ्यानं मोजायला लावले त्यांनी, प्रत्येक आकडा. एकोणतीसला माझा आवाज फुटला तर म्हणाल्या, "नीट बोल, ऐकू नाय येत." शेवटी मी खाली उतरले, हात कोपरापर्यंत राखेनं पांढरे. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं माझ्या हातांवर आणि कोरा चहा दिला. तो चहा पिताना, खरं सांगते, मला अजूनही वाटत होतं की आता ही बाई काही तरी मागणार.

"तुम्ही सांगायचं ना मला," मी म्हटलं. "राखेचं, माळ्याचं."

"आनि तू विचारायचं ना. माज्या पिशवीला डोलं लावून बसलीस, त्यापेक्षा तोंड उगडायचं."

मी चहाचा कप विसळून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी चाळीस कुंड्या भरल्या. माती, शेणखत, थोडी वाळू, आणि कांद्याची मान वर दिसेल एवढाच तो पुरायचा. पाणी एकदा, जेमतेम. झारी मावशींनी स्वतःच्या हातात ठेवली होती. दादा आले, त्यांनी रांग पाहिली, मोजली. "चाळीसच? बाकीचे?"

मी तोंड उघडणार तोच मावशी म्हणाल्या, "दादा, यंदा पन्नास खराब निगाले. कांदंच नासकं व्हतं. नशीब."

दादांनी मान हलवली. तिथंच ते संपलं असतं. माझी खोली राहिली असती, काम राहिलं असतं. पण मला त्या क्षणी जे वाटलं ते उपकाराचं नव्हतं. मला भीती वाटली. आता ही गोष्ट मावशींच्या हातात राहणार. आज झाकलं, उद्या काही बिनसलं की उघडतील. जन्मभर मी त्यांच्या पिशवीत. म्हणून मी बोलले. लोक नंतर म्हणाले, खरं बोललीस, चांगलं केलंस. मी खरं बोलले ते चांगुलपणानं नाही, मावशींच्या चांगुलपणाला घाबरून बोलले.

"कांदे नासके नव्हते. मी पाणी घातलं. तीन महिने, रोज. मला वाटलं मावशी चोरतात, म्हणून मी कुंड्या लपवल्या."

पलीकडं शेडनेट वाऱ्यानं फडफडत होतं. दादा पायानं चपलेचा चिखल दगडाला घासत राहिले.

"तुझ्या गावात पाणी नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हं." मग रांगेकडं बघून, "रिसॉर्टवाल्यांना सांगतो, चाळीसच. मधे मधे कर्दळ लावा म्हणावं."

"खोली रिकामी करू का दादा?"

"कशाला?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "टेंपोला माणूस कुठून आणू मी?" आणि ते गेले.

मावशी मात्र तापल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मी झाकीत व्हते ना? कोणी हात दिला का चावतेस का गं तू? घाटावरले, तुला काय समजावं?"

घाटावरले. मी खाली मान घालून खुरपं पुसत राहिले, पण ते मी ऐकलं.

एप्रिलच्या शेवटाला मातीतून टोकं आली. आधी पानं येतील असं मला वाटत होतं, पण आला तो जाड, ठिपक्याठिपक्यांचा दांडा, साप मान काढतो तसा. वर मिटलेली कळी. चारेक दिवसांत ती फुटली आणि गोळा झाला, लाल, एकेका दांड्यावर शेकडो बारीक फुलं, प्रत्येकातून पिवळ्या टोकाचे तंतू बाहेर आलेले. वास काही नाही. पान तेव्हा कुठं एखादं, बाजूला. वाळलेल्या मातीत, सगळं तापलेलं असताना, पाणी न मागता. आमच्या गावाला हे झाड चाललं असतं, असं मनात आलं. चाळीसांपैकी अडतीस फुलले. टेंपोत भरताना मावशी एकेका कुंडीला धरून होत्या, नवऱ्याला म्हणत होत्या, "हलू चालव रं, नवरी हाय यात."

"एक नवरी माझ्या मागं आधीच बसलीय," तो म्हणाला, "ती तर उतरतच नाही."

आता शेवटचं. माझ्या खोलीमागच्या त्या सडलेल्या कुंड्या मी उपसून, धुऊन उलट्या घालून ठेवल्या होत्या. एक राहून गेली होती, अगदी भिंतीच्या कोपऱ्यातली, उपसताना तिच्याकडं माझं लक्षच गेलं नाही. मे अर्धा उलटला तेव्हा त्या कुंडीत फूल आलं. उशिरा, एकटंच, पण बाकीच्यांएवढंच मोठं.

मी ती कुंडी दारात आणून ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. पन्नासच्या पन्नास मी तपासले होते. या कुंडीतही बोट घातलं होतं की नव्हतं? घाईत होते, रडत होते. एखादा वाचला असेल, भिंतीच्या आडोशाला, पाणी कमी पडलं असेल. असं होऊ शकतं. पण माळ्यावर मी चाळीस मोजले होते ते टोपलीतले. मावशींच्या घरात आणखी कुठं एखादा नसेल, असं कशावरून? आणि मी कामात असताना त्या आमच्या खोलीमागून जाऊन आल्या नसतील, असं कशावरून?

मी त्यांना विचारलं. आता तोंड उघडायचं शिकले होते.

"मावशी, ते कोपऱ्यातलं तुम्ही लावलंत का?"

"मी कशाला लावू? तुजंच हाय. तीनदा पानी पाजलंस, त्यातला एखादा दारुड्या जगला असंल." आणि हसायला लागल्या, दात नसलेल्या बाजूनं.

दिवाळीनंतर पानं वाळली तेव्हा तो कांदा मी स्वतः काढला, पहिला. त्याला माळ्यावरची राख लागलीय का बघायला. पण मधे चार महिने पावसाचे गेले होते, राख कसली राहते. घट्ट, गोल, कोरडा होता, एवढंच. तो फडक्यानं पुसून मी बाकीच्यांबरोबर पिशवीत टाकला. पिशवी मावशींची होती. त्यांच्या घरापर्यंत त्या वर्षीपासून ती मीच नेते, कारण शिडी मला चढायची असते.

वहीत मे फुलाच्या पानावर मी खाली एक ओळ वाढवली आहे: हिवाळ्यात पाणी नाही, मावशींच्या माळ्यावर. कपडे आता फळीवर आहेत. ट्रंकेत दुसरंतिसरं सामान असतं. पण कोपऱ्यातल्या त्या फुलाचं मला अजून कळलेलं नाही. दर मे महिन्यात फुलं आली की मी मावशींच्या तोंडाकडं बघते, आणि त्या मुद्दाम दुसरीकडं बघतात.